खुनाच्या केसमध्ये अटक झाल्यापासून चार्ज फ्रेम (आरोप निश्चित) होईपर्यंत

आधीच सांगतो, घटना कशी घडली, कोण कुठं उभं होतं, कुणाच्या हातात काय होतं, यातलं काहीही मी लिहिणार नाही. केस कोर्टात आहे आणि वकिलांनी सक्त ताकीद दिलीय. पण अटक आणि खटला यांच्या मधला जो काळ असतो त्याबद्दल धड कुणी सांगत नाही, आणि ज्याच्या घरावर ही वेळ येते त्याला पहिल्या रात्री काहीच माहीत नसतं, म्हणून लिहितोय.

आमचं भांडण बांधाचं. भावकीतलं, वडिलांच्या आधीपासून चालत आलेलं. त्यात एक माणूस गेला. तो माझा चुलत चुलता लागत होता, लहानपणी मी त्यांच्या घरी जेवलोय. फिर्यादीत आमच्या घरातल्या जवळपास सगळ्या कर्त्या माणसांची नावं आली, मी आरोपी नंबर ५. भावकीच्या केसमध्ये असंच होतं बघा, बेकायदा जमावाचं कलम लागलं की मारणारा एक असला तरी जमावातल्या सगळ्यांवर खून येतो. पूर्वी ते १४९ होतं, आता भारतीय न्याय संहितेत १९०. खुनाचं ३०२ पण १ जुलै २०२४ पासून १०३ झालंय, फक्त कागदावर, कारण गावात, ठाण्यात, जेलात सगळे अजून ३०२ च म्हणतात. माझी अटक त्याच वर्षी थंडीत झाली, म्हणजे सगळं नव्या कायद्याखाली.

मला फोन करून 'चौकशीला या' म्हणून बोलावलं होतं. इथं पहिला मुद्दा. अटक केल्यावर २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून, हे घटनेच्या कलम २२ मध्येच आहे. पण तुम्ही ठाण्याच्या बाकावर सकाळपासून बसून असता आणि कागदावर अटकेची वेळ पडते रात्रीची. म्हणून घरच्यांनी माणूस ठाण्यात कधी गेला ती वेळ लिहून ठेवावी, सोबत कोण होतं ते लिहावं, रस्त्यात सीसीटीव्ही असेल तर तेही. दादानं वहीत लिहून ठेवलं होतं आणि पुढं वकिलांनी ती वही मागून घेतली.

अटकेचा पंचनामा झाला, कुणाला कळवायचं ते विचारलं, मी दादाचा नंबर दिला. अटकेची कारणं म्हणून एक छापील कागद दिला ज्यावर कारण असं काहीच नव्हतं, नुसती कलमं. आता याबद्दल सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या मुंबईतल्याच एका केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की गुन्हा कुठलाही असो, कारणं लेखी द्यायची, आरोपीला समजेल त्या भाषेत द्यायची, आणि लगेच देता आली नाहीत तर निदान रिमांडला, म्हणजे कस्टडी ठरवायला मॅजिस्ट्रेटसमोर, उभं करायच्या दोन तास आधी तरी हातात पडली पाहिजेत. आमच्या वेळी हे नव्हतं. तुमच्यावर वेळ आली तर मागून घ्या. एफआयआरची कॉपी पण मागा, २०१६ पासून सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे की २४ तासांत ती वेबसाइटवर टाकायची, संवेदनशील गुन्हे सोडून.

मग मेडिकल. ग्रामीण रुग्णालयात नेलं, अंगावर जखमा आहेत का बघितलं, रक्त घेतलं, नखं कापून पाकिटात भरली. अंगावरचे कपडे पंचांसमोर काढून घेऊन सील केले आणि घरून दुसरे मागवले. बाहेर पेशंटच्या रांगेत आमच्याच गावची दोनतीन माणसं बसली होती. हातात बेडी. पूर्वी कोर्टाच्या परवानगीशिवाय बेड्या घालायच्या नाहीत असे निकाल होते, नव्या कायद्यात खुनासारख्या गुन्ह्यात पोलिसांना ती मुभा दिलीय.

दुसऱ्या दिवशी कोर्ट. मला वाटत होतं की जज साहेब विचारतील, तू हे केलंस का, आणि मी सांगेन. रात्रभर तेच मनात जुळवत होतो. त्यांनी विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? मारहाण केली का?" बस. मी नाही म्हणालो, मग सरकारी वकील उभे राहिले, हत्यार जप्त करायचंय, फरार आरोपींचा शोध घ्यायचाय, गुन्ह्याचा हेतू तपासायचाय, म्हणून पीसीआर (पोलीस कस्टडी रिमांड) द्या. आमचे वकील म्हणाले सगळं आधीच जप्त झालंय. काही मिनिटांत ऑर्डर, पोलीस कस्टडी. मी मागे वळून आईकडं बघतोय तोवर पुढची केस पुकारली पण.

हे मला समजायला फार वेळ लागला आणि यातच सगळं आहे असं मला आज वाटतं. या पूर्ण काळात तुम्ही केलं की नाही हा प्रश्न कुणाच्याच टेबलावर नसतो. मॅजिस्ट्रेट बघतात कस्टडीची गरज आहे का. जेलवाले बघतात वॉरंट बरोबर आहे का. जामिनाला बघतात वरवर पुरावा दिसतो का आणि तुम्ही पळून जाल का. तुम्ही मात्र आतून पूर्ण वेळ तेच एक सांगायला तडफडत असता. घरचे पण प्रत्येक तारखेला 'आज जजला कळेल' या आशेनं येतात आणि मोडून परत जातात. त्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं की त्याची वेळ अजून लांब आहे, तोवर फक्त कागद आणि तारखा सांभाळायच्या.

पीसीआर एकूण १५ दिवसांपेक्षा जास्त मिळत नाही. पूर्वी हे १५ दिवस अटकेनंतरच्या पहिल्या पंधरवड्यातच घ्यावे लागायचे, एकदा जेलात गेलात की पोलीस परत नेऊ शकत नव्हते. आता ज्या गुन्ह्यात चार्जशीटची (पोलिसांच्या दोषारोपपत्राची) मुदत ९० दिवस आहे तिथं पहिल्या ६० दिवसांत तुकड्यातुकड्यानं मागता येतात. म्हणजे एमसीआर (मॅजिस्ट्रेट कस्टडी) झाला, जेलात गेलो, आता सुटलो एकदाचे ठाण्यातून, असं धरून चालू नका. आमच्यातल्या एकाला असंच परत नेलं होतं.

लॉकअपबद्दल जास्त लिहवत नाही. मला मारलं नाही, शेजारच्या खोलीतल्या पोराला मारलेलं ऐकलं. तपासी अधिकारी रात्री बोलवायचे, चहा द्यायचे, एकच गोष्ट दहा प्रकारे विचारायचे. वकिलांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या त्या मी घट्ट धरून बसलो. एक, पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. दोन, पण तुम्ही सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, कोयता, काठी, कपडे, तर तेवढा भाग चालतो, आणि बऱ्याच केसेस त्यावरच उभ्या असतात. त्यामुळे पंच बोलावून जो मेमोरंडम पंचनामा लिहितात त्यावर सही करायच्या आधी वाचून बघायचं, वाचू देत नसतील तर तसं पुढच्या रिमांडला जज साहेबांना सांगायचं. तक्रार आहे का विचारतात ना, ते तेवढ्याचसाठी असतं. तपासाच्या वेळी वकिलाला भेटायचा हक्क आहे, पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही पण भेटता येतं, आमच्या वकिलांनी पहिल्या रिमांडलाच तसा अर्ज दिला आणि तो मंजूर झाला.

ओळख परेड आमच्यात झाली नाही कारण सगळे एकमेकांना जन्मापासून ओळखणारे. जिथं अनोळखी आरोपी असतात तिथं ती होते, म्हणून त्या आरोपींना तोंडावर बुरखा घालून आणतात. चेहरा आधी दिसला असं निघालं तर परेडची किंमत जाते.

मग जेल. गेटवर झडती, उंची, अंगावरच्या खुणा, बापाचं नाव, कोण भेटायला येणार त्यांची नावं, डॉक्टरची तपासणी. कच्च्या कैद्याला स्वतःचे कपडे चालतात आणि सक्तीचं काम नसतं. ऐकायला बरं वाटतं पण काम नसणं हीच मोठी शिक्षा आहे. पक्क्या कैद्याला निदान माहीत असतं किती वर्षं काढायची. आमच्या बराकीत जागेपेक्षा कितीतरी जास्त माणसं, झोपायला हातभर पट्टी, कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवून. संध्याकाळचं जेवण दिवसाउजेडीच वाटतात, मग गिनती, मग बंदी, आणि सकाळपर्यंत लाईट चालूच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांत देशातल्या जेलांत ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि त्यातले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे चारातले तीन जण असे की ज्यांना कोर्टानं अजून दोषी म्हटलेलं नाही. आत बसल्यावर हा आकडा वेगळाच वाटतो कारण तो तुमच्या डावीउजवीकडं झोपलेला असतो.

पैसे मनिऑर्डरनं कैद्याच्या नावावर जमा होतात, त्यातून कँटीनचं साबण, बिस्किट, चहापावडर. मुलाखत आठवड्याला, काचेपलीकडून, इंटरकॉमवर. आईला त्या फोनवरचं नीट ऐकू यायचं नाही, ती नुसती बोलत राहायची, म्हशीला रेडी झाली, सोसायटीचा हप्ता भरला, आणि मी मान हलवत राहायचो. बायको पहिले कितीतरी आठवडे आली नाही, मीच नको म्हणालो होतो. आता कार्डवरचा फोन आणि व्हिडिओवरची ई-मुलाकात पण असते, लांबच्या लोकांना त्याचा खरंच उपयोग होतो.

तारीख दर १४ दिवसांनी. पोलीस गार्ड मिळाले तर गाडीनं कोर्टात नाहीतर व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरून हजेरी. जेलातल्या एका खोलीत टीव्हीसमोर रांगेनं बसवतात, नाव पुकारलं की उठायचं, पलीकडून कुणीतरी पुढची तारीख वाचतं, झालं. खरंतर मॅजिस्ट्रेटनं दर वेळी बघायचं असतं की हा माणूस आत ठेवायची गरज अजून आहे का. माझ्याकडं नजर वर करून बघितलं गेलं असं फार थोड्या वेळा झालं.

आता ९० दिवसांचं सांगतो, कारण यात लोकांचं फार नुकसान होतं. खुनाच्या गुन्ह्यात पोलिसांना चार्जशीट टाकायला ९० दिवस असतात. ते अटकेपासून मोजायचे नाहीत, पहिल्या रिमांडपासून मोजायचे, आणि रिमांडचा तो दिवस धरून मोजायचे, हे सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये पक्कं केलंय. मुदत संपली आणि चार्जशीट आलं नाही तर जामीन हा हक्क होतो, खून असला तरी, पुराव्यात कोर्ट जातच नाही. पण तो आपोआप मिळत नाही. अर्ज टाकावा लागतो आणि चार्जशीट यायच्या आधी टाकावा लागतो. अर्ज न टाकता बसलात आणि ९३ व्या दिवशी चार्जशीट आलं तर हक्क गेला. आमच्या बराकीत सगळ्यांना एकमेकांचे दिवस पाठ असायचे, कुणाचा ८७ वा, कुणाचा ८९ वा, त्या रात्री तो माणूस झोपायचा नाही. आमचं चार्जशीट मुदतीच्या थोडं आधी पडलं. वकिलांनी अर्ज टाईप करून ठेवला होता, तो तसाच राहिला.

चार्जशीट म्हणजे काय हे मी पहिल्यांदा बघितलं. जाडजूड गठ्ठा, फुकट मिळतो, तो आरोपीचा हक्क आहे. फिर्याद, इन्क्वेस्ट (मृतदेहाचा) पंचनामा, घटनास्थळाचा पंचनामा, नकाशा, पोस्टमॉर्टेम, जप्तीचे पंचनामे, साक्षीदारांचे जबाब, सीडीआर (मोबाईल कॉलच्या नोंदी), आणि सीए (केमिकल तपासणीच्या) रिपोर्टच्या जागी 'अहवाल प्राप्त होताच सादर करीत आहोत'. अर्ध्या झेरॉक्स काळ्या, हस्ताक्षर लागत नाही, वकिलांनी अर्ज देऊन वाचता येतील अशी पानं परत मागितली. मी ते आत बसून पुन्हापुन्हा वाचलं. पोस्टमॉर्टेमच्या पानावर मी थांबायचो. ज्या माणसाला मी नाना म्हणायचो त्याच्या जखमा सेंटिमीटरमध्ये लिहिलेल्या. केस काहीही असो, ते पान वाचल्यावर मला जेवण जायचं नाही. साक्षीदारांच्या जबाबात ओळखीची नावं, एकानं तर माझ्या लग्नात पंगत वाढलेली. माझ्या मोबाईलचं टॉवर लोकेशन कुठल्या पानावर आहे ते मला तोंडपाठ आहे, त्यावर इथं बोलता येत नाही.

चार्जशीटनंतर केस 'कमिट' होते. खुनाचा खटला मॅजिस्ट्रेट चालवू शकत नाहीत, ते फक्त कागद सेशन कोर्टाकडं पाठवतात. मॅजिस्ट्रेट कोर्टाचा आरसीसी नंबर जाऊन सेशन केस नंबर पडतो आणि घरच्यांना वाटतं केस हरवली. सीएनआर, म्हणजे केसचा ऑनलाइन नोंदीचा नंबर, लिहून ठेवा, ई-कोर्ट्सच्या अॅपवर पुढची तारीख त्यावरून दिसते, वकिलाला दहा फोन करावे लागत नाहीत.

जामीन. मॅजिस्ट्रेट खुनात सहसा देतच नाहीत, सेशनला अर्ज करावा लागतो. आमचा तिथं फेटाळला. त्या दिवशी नानांची मुलगी कोर्टात होती. त्यांच्या बाजूनं पण वकील उभा राहतो, विरोध करायचा त्यांचा हक्क आहे. ती माझ्यापेक्षा लहान, बहीण म्हणून मला राखी बांधलेली नाही पण बांधली असती इतक्या जवळची. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. अर्ज फेटाळला याचं दुःख होतंच, पण बाप गेलेल्या पोरीला त्या निकालानं काय वाटलं असेल तेही मला कळत होतं, आणि या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या डोक्यात मावतात हे मला त्या दिवशी कळलं.

मग हायकोर्ट. आमच्या भागातल्या लोकांना पूर्वी मुंबईच गाठावी लागायची. रात्रीच्या एसटीनं जायचं, बोर्डावर नंबर आला नाही तर परत. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी, आणि आमचा अर्ज पण तिकडं आला. दादा सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. ज्यांनी त्या बेंचसाठी कित्येक वर्षं आंदोलनं केली त्या वकिलांचे आमच्यासारख्यांवर किती उपकार आहेत ते बाहेरच्याला कळणार नाही. तिथं जामीन झाला. अटी, तालुक्यात पाऊल ठेवायचं नाही, साक्षीदारांशी कुठल्याही मार्गानं संपर्क नाही, महिन्यातून एकदा ठाण्यात हजेरी, ५० हजारांचा बॉण्ड आणि तेवढ्याच रकमेचा जामीनदार.

जामीन झाला म्हणजे सुटला नाही. जामीनदार पाहिजे, त्याचा सातबारा, आधार, तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. आमच्या भावकीत कोण उभं राहणार, निम्मे फिर्यादीच्या बाजूचे. शेवटी मेव्हण्यानं स्वतःची जमीन लावली. माझ्या बराकीत परभणीकडचा एक ऊसतोडीचा पोरगा होता, चोरीचा आरोप, जामीन होऊन महिने झालेले पण जामीनदार नाही म्हणून आतच. त्याचं काम लोक अभिरक्षक कार्यालयाच्या वकिलांनी घेतलं, हे कार्यालय जिल्हा न्यायालयातच असतं आणि एक रुपया लागत नाही, खुनाच्या केसमध्ये पण वकील देतात. गरीब कैद्यांना जामिनासाठी पैशाची मदत करायची केंद्राची योजना २०२३ पासून आहे, त्याचा अर्ज त्या वकिलांनीच भरला. तो माझ्या आधी सुटला. ज्या घरात वकिलाला द्यायला पैसे नाहीत त्यांनी कर्ज काढायच्या आधी एकदा त्या कार्यालयात जावं, ही माझी हात जोडून विनंती आहे. आणि अर्धी किंवा तिसरा हिस्सा शिक्षा भोगली की कच्चा कैदी सुटतो असं आत सगळे सांगतात, ते ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप आहे त्याला लागू नाही, त्यामुळे ३०२ वाल्यांनी त्या आशेवर बसू नये.

सुटल्यावर मी मेव्हण्याच्या गावी राहतोय, शेतीऔषधांच्या दुकानात हिशोब बघतो. तालुकाबंदी असल्यानं घरी जाता येत नाही, आई इकडं येते. आमच्यातले दोघं अजून आतच आहेत, त्यांचे अर्ज फेटाळलेत.

चार्ज फ्रेम व्हायला नव्या कायद्यात ६० दिवसांची मुदत लिहिलीय पण कधी एक आरोपी जेलातून आणला नाही, कधी जज साहेब रजेवर, कधी सरकारी वकील बदलले, असं होत होत तारखा गेल्या. गेल्या महिन्यात झाला. सगळ्यांना ओळीनं उभं केलं, आतले दोघं गार्डबरोबर आले होते. जज साहेबांनी कलमं वाचली, मराठीत समजावून सांगितली आणि एकेकाला विचारलं, गुन्हा कबूल आहे का. पहिल्यांदाच कुणीतरी अधिकृतपणे विचारत होतं. मी म्हणालो कबूल नाही, खटला चालवावा. स्टेनोनं ते टाईप केलं, सही घेतली. सरकार पक्षानं साक्षीदारांची यादी दिलीय, पहिल्यांदा फिर्यादी आणि घटनास्थळाचे पंच तपासणार आहेत, समन्स निघालेत.